आप्पांनी गाळलेला मजकूर

नावडे कॉलनी,
१२ जून १९९७

ती. आईंना शर्मिलाचा जयभीम.

शेजारच्या आप्पा गुरुजींनाही जयभीम, कारण पत्र वाचून दाखवणार तेच. गोजराकाकूंनाही सांगा आप्पा, नाहीतर त्या म्हणतील सुनेनं फक्त माझ्या नवऱ्यालाच विचारलं.

आई, मला चौथा महिना लागला. मागच्या वेळी चौथ्यातच सगळं संपलं होतं, म्हणून या महिन्याची भीती वाटते. अश्विन कंपनीतून आला की आधी माझ्याकडे बघतो आणि मग बूट काढतो. मी हसले की मगच चहा मागतो.

तब्येत तशी बरी आहे. एक बायकांचा त्रास सुरू झालाय, पण तो पत्रात लिहिता येत नाही. तुम्ही गावच्या सुईण, एवढी बाळंतपणं केलीत, तुम्हाला न लिहिताच कळेल. फोन करावा तर गावात फोन एकट्या पोस्टात, आणि तिथं दुपारी बोललेलं संध्याकाळी विहारात सगळ्यांना पाठ असतं. मला आई नाही, विचारायचं तर तुम्हालाच. काय करू तेवढं कळवा. आप्पा, तुम्ही इथं खोकून थांबू नका, पत्र संपलंच आहे.

तुमची,
शर्मिला

*

मु. बौद्धवाडी, ता. महाड
२० जून १९९७

चि. सौ. शर्मिला हीस सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. श्रीमती चांगुणाबाई यांनी सांगितल्यावरून हे उत्तर लिहीत आहे. तुझ्या प्रकृतीविषयी त्यांनी बरीच विचारपूस केली. ती सर्वच्या सर्व येथे देणे प्रशस्त वाटत नाही. सारांश असा की, प्रकृतीस जपावे, सुती वस्त्रे वापरावीत, ओलसर कपड्यात राहू नये, आणि संकोच करू नये.

दह्याविषयी त्यांनी विशेष चौकशी केली आहे. दही घट्ट आहे की पातळ, रंग पांढरा आहे की पिवळसर, त्यास वास येतो किंवा कसे, हे पाहून उलटटपाली कळवावे. यात हयगय करू नये असे त्यांनी दोनदा बजावले आहे.

येथे पेरण्या झाल्या. सौ. गोजरा हिचा तुला आशीर्वाद.

चांगुणाबाईंच्या वतीने,
आप्पा

*

नावडे कॉलनी,
१ जुलै १९९७

ती. आईंना जयभीम.

तुमच्या मनात काय आहे ते मला नीट कळलं नाही, पण तुम्ही सुईण आहात, म्हणजे काहीतरी असणारच. म्हणून सांगितल्याप्रमाणे सगळं बघितलं. दही घट्ट आहे. रंग पांढराशुभ्र. वास अजिबात नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या सकिनाभाभींनी विरजण दिलं, त्या म्हसळ्याच्या आहेत, त्यांच्या हातचं दही सुरीनं कापावं लागतं. मी रोज दुपारी जेवणानंतर वाटीभर खाते. अश्विनलाही देते.

त्रास मात्र कमी नाही, उलट वाढलाय. बसवत नाही की चालवत नाही. पण तुम्ही टेन्शन घेऊ नका. आमच्या बिल्डिंगमध्ये या त्रासावर एक चिठ्ठी आहे. सगळ्या बायका तीच दाखवून औषध आणतात. मीही आणीन म्हणते.

तुमची,
शर्मिला

*

बौद्धवाडी
८ जुलै १९९७

गो सुनबाय,

हे पत्र मी बोलते तसंच्या तसं आप्पांनी लिवलेलं हाय. लिवून झालं की गोजरा मला वाचून दाखवनार. ती चौथी पास हाय, लिवायची सवय मोडली पन वाचते झकास. आप्पांवर आता माझा भरवसा राह्यला नाय.

काल आप्पा तुझं पत्र वाचत व्हते आनि मी तांदूळ पाखडत व्हते. 'दही घट्ट आहे.' म्हटलं बरोबर. 'पांढरंशुभ्र, वास नाही.' म्हटलं बरोबर, हे तर नेहमीचंच दुखनं. 'रोज दुपारी वाटीभर खाते.' सूप हातातनं पडलं गो. 'अश्विनलाही देते' म्हटल्यावर मी मटकन बसलेच.

मी विचारलं व्हतं, अंगावरनं दह्यासारखं जातं का. आप्पांनी 'अंगावरनं' गाळलं, 'जातं का' गाळलं, आनि दही तेवढं ठेवलं.

(सांगणारीच्या हुकमावरून लिहीत आहे. शब्द माझे नाहीत. — आप्पा)

आता नीट ऐक. खाली खाज सुटते का? लघवी करताना चुरचुरतं का? जागा लाल झाली का? वास नाय म्हनजे बहुतेक ही बुरशी. पोटुशी बायांना लय व्हते. मी कितीजनींत बघितली, त्यात कुनाचं पाप नाय आनि कुनी घान नाय.

(येथे 'योनी' हा शुद्ध शब्द मी सुचवला होता. 'असलं घरात कोन बोलतं' असे म्हणून तो नाकारण्यात आला. — आप्पा)

चिठ्ठीचं औषध आनायचं नाय. ती चिठ्ठी जिची हाय तिच्या पोटात तवा पोर व्हतं का, हे आधी विचार. आनि लसून, तुरटी, कडुनिंबाचं पानी, कायबी आत घालायचं नाय. पूर्वी मीच सांगायची बायांना. मग सरकारी शिबिरात नर्सबायनं आमा सुईनींना समजावलं, तवापासनं सोडलं. तू डॉक्टरनीकडं जा आनि दाखव. दही खायचं तर खा, चांगलंच असतं.

तुजी सासू,
चांगुणा

*

नावडे कॉलनी,
१९ जुलै १९९७

ती. आईंना जयभीम.

तुमचं पत्र मी जिन्यात सकिनाभाभींसमोरच फोडलं. त्या हसून हसून पायरीवर बसल्या. त्यानंतर चार दिवस मला दही बघवलं नाही. अश्विनला का ते सांगितलं नाही, तो बिचारा अजून मागतो.

खाज हो. चुरचुर हो. लाल हो. तिन्हींना हो.

आता चिठ्ठीचं खरं सांगते. सकिनाभाभींना चौऱ्याण्णव साली हाच त्रास झाला, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. पोटात कोणी नव्हतं, मी विचारलं. एका कॅप्सूलमध्ये त्या बऱ्या झाल्या. मग त्यांनी चिठ्ठी शेजारणीला दिली, शेजारणीनं झेरॉक्स काढली, तिच्या झेरॉक्सची पुन्हा झेरॉक्स निघाली. आता त्यावर डॉक्टरचं नावही दिसत नाही. मेडिकलवाला लांबून बघूनच म्हणतो, 'बिल्डिंगची चिठ्ठी का?' डॉक्टरकडे जाऊन कपडे वर करण्यापेक्षा हे सगळ्यांना सोपं वाटतं. चिठ्ठीत आत ठेवायच्या सहा गोळ्याही आहेत. त्यातल्या तीन एकीनं वापरायच्या, बरं वाटलं की थांबायचं आणि उरलेल्या दुसरीला द्यायच्या. आमच्या सोसायटीत पाण्यावरून भांडणं होतात, पण यात फार एकी आहे.

मी दोन वर्षांत कॅप्सूल चार वेळा घेतली. पहिल्यांदा सहा महिने बरी होते, मग तीन, मग एक. या वेळी पोटात बाळ आहे म्हणून कॅप्सूल घेतली नाही, शपथ. पण उरलेल्या तीन गोळ्या वापरल्या. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी दुप्पट. औषध नकली येतंय असं बिल्डिंगचं मत पडलं.

डॉक्टरकडे मी जाणार नाही आई. त्याचं कारण सांगते. आप्पा, पुढचं हळू वाचा.

मागच्या वेळी बाळ गेलं तेव्हाही मला हाच त्रास होता. मी कोणाला बोलले नव्हते. मला वाटतं त्यामुळेच ते गेलं. आता डॉक्टरीण तपासेल आणि तेच सांगेल, की तुझ्याच अंगातल्या घाणीनं गेलं, आणि हेही जाणार. मग अश्विनला कळेल की मी लपवलं होतं. त्याला मी सध्या बाहेरच्या खोलीत झोपायला लावलंय. कारण विचारलं तर म्हटलं, तू घोरतोस. तो बिचारा पंधरा दिवस झोपताना नाकात तूप घालतोय आणि सकाळी विचारतो, 'आज कमी होतं ना?' मला हसूही येतं आणि रडूही येतं.

तुमची,
शर्मिला

*

बौद्धवाडी
२६ जुलै १९९७

गो पोरी,

पत्र ऐकलं. आप्पांनी हळूच वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा पुसत बसले. गोजरा दाराआडून ऐकत व्हती.

खाजेनं पोर जात नाय. माझ्या हातावर एवढ्या बाया बाळंत झाल्या, निम्म्यांना तरी ही खाज व्हती, आनि त्यांची पोरं आता माझ्या दारात क्रिकेट खेळतात. पन माझं खरं मानू नको. मी नुसती बघून शिकले, डॉक्टरीन बुकं वाचून शिकली. तिला विचार. दोन वर्सं हा दगड छातीवर घेऊन बसलीस आनि मला सांगितलं नायस, याचा मला राग आलाय. लय आलाय. मी कोन तुजी?

अश्विनला आजच सांग. नाकात तूप घालनारा नवरा तुला काय बोलनार हाय? त्याच्या बापाला मी बाहेर झोपवला असता तर तो सरळ भनीकडं गेला असता.

पंधरा दिसांत डॉक्टरनीकडं गेली नायस तर मी महाडला एसटीत बसते आनि नावड्याच्या फाट्यावर उतरते. तुज्या बिल्डिंगीखाली हुभी राहून वर वराडनार, 'शर्मिला गो, खाज गेली का?' तिसरा मजला काय, चौथ्यालाबी ऐकू जाईल. माझा आवाज तुला म्हाईत हाय.

(ही धमकी नाही. त्यांनी पिशवी खरोखरच भरून ठेवली आहे. पोरी, जाऊन ये. — आप्पा)

चांगुणा

*

नावडे कॉलनी,
२१ ऑगस्ट १९९७

ती. आईंना जयभीम. पिशवी रिकामी करा, मी जाऊन आले.

पत्र मिळालं त्याच संध्याकाळी अश्विनला सांगितलं. सगळं सांगितलं, मागचंही. त्यानं तुपाची वाटी उचलून आत नेऊन ठेवली. मी मनात म्हटलं, संपलं. मग तो म्हणाला, 'म्हणजे मी घोरत नाही?' एवढी रडले मी, आणि त्याचं डोकं तिथं. मग त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला की पुढच्या वेळी मलाही सांगत जा, मी काय नुसता पगार आणायला आहे का. तुमच्यासारखंच बोलतो कधी कधी.

पनवेलच्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेलो. सकिनाभाभीही आल्या, चिठ्ठी घेऊन. बाईंनी ती उजेडात धरून बघितली, मग विचारलं, 'ही चिठ्ठी किती बायकांनी वापरली?' आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. बाईंनी ती घडी करून आपल्या ड्रॉवरमध्ये टाकली. आमच्या बिल्डिंगचा दवाखाना बंद झाला तो असा.

त्यांनी तपासलं. कापसाच्या काडीवर स्राव घेतला आणि लॅबला पाठवला. तिथं ती बुरशी वाढवून बघतात म्हणे, कुठल्या जातीची आहे आणि कुठल्या औषधानं मरते ते. पाच दिवसांनी रिपोर्ट आला. नेहमीची जात नाहीच, दुसरीच निघाली, नाव घेताना जीभ वळत नाही. नेहमीच्या औषधाला ती दाद देत नाही. बाईंनी समजावलं ते मला पटलं. आपण थोडंसं औषध घेऊन थांबतो, तेव्हा मरतात त्या लेच्यापेच्या. चिवट असतात त्या मागे उरतात, आणि मग घरभर त्यांचीच पोरंबाळं. पुन्हा तेच औषध घेतलं की त्या ढिम्म हलत नाहीत. म्हणजे औषध नकली नव्हतं आई. आम्हीच त्या बुरशीला तालमीत घातलं होतं.

मला दुसऱ्याच औषधाच्या आत ठेवायच्या गोळ्या दिल्या, चौदा दिवस. सहाव्या दिवशीच बरं वाटलं. सकिनाभाभी सवयीनं म्हणाल्या, 'मग उरलेल्या?' आणि स्वतःच जीभ चावली. त्यांनीही त्या दिवशी तपासून घेतलं. त्यांचा आताचा त्रास तर वेगळाच निघाला, बुरशीचा नव्हताच. पुन्हा त्रास झाला की त्या तीच चिठ्ठी दाखवून दुसऱ्याच दुखण्याचं औषध खात होत्या. माझे चौदा दिवस काल पूर्ण झाले. साखरही तपासली, कारण साखर असली की ही खाज पुन्हा पुन्हा येते म्हणे. मला नाही.

आणि ते विचारलं. दाराशी गेले होते, परत फिरले आणि विचारलं. बाई म्हणाल्या, 'यानं बाळ गेलं नाही. का गेलं ते आता कोणी सांगू शकणार नाही, पण तुझ्यामुळे गेलं नाही.' अश्विन तिथंच रडला, नर्ससमोर. बाळ चांगलं आहे, लाथा मारतं.

तुम्ही माझ्या कोण, ते विचारू नका. डिसेंबरात या. बाळंतपण पनवेललाच करायचं असं बाई म्हणतात. तुम्हाला राग येणार नाही ना?

तुमची,
शर्मिला

*

नावडे कॉलनी,
११ डिसेंबर १९९७

आप्पा गुरुजींना चांगुणाबाईंचा जयभीम.

मी सांगते आनि माझी सून लिवते. ती एक अक्षर गाळत नाय, शिका तिच्याकडनं.

मुलगी झाली. परवा सकाळी, पनवेलला. मला राग कशाला येतोय, मी दाराशी बसून सगळं बघितलं आनि दोन गोष्टी नव्या शिकले. पोर गोरटी नाय, आमच्यासारखीच हाय, पन आवाज माझ्यावर गेलाय. आईची बुरशी कधी कधी पोराच्या तोंडात उतरते, म्हनून तोंड, जीभ सगळं मी बोट धुऊन बघितलं, स्वच्छ हाय.

(आई दवाखान्यातल्या सगळ्या बायकांना 'खाली खाज आहे का' असं विचारत फिरत होत्या. नर्सनी दोनदा आत आणून बसवलं. — शर्मिला)

आता तुमचं काम. मी निघाले त्या दिशी गोजरा माझी पिशवी घेऊन एसटीपातुर आली. पिशवी हातात देताना हळूच म्हनाली, 'शर्मिलाची गोळी मला पन चालंल का गो?' मी विचारलं, किती दिस झाले? तर म्हनाली, 'एसटी आली.'

गुरुजी, गोजरा पोटुशी नाय, साठीची हाय. तिला तहान किती लागते ते मी बघते, तांब्या उशाशी घेऊन असते. पायाची जखम तिची दोन-दोन महिने भरत नाय. साखर असंल. सुनेची गोळी मी तिला देनार नाय, नायतर आपल्या वाडीतबी चिठ्ठी फिरायला लागंल. तिला महाडला डॉक्टरनीकडं न्या. लघवी आनि रक्त तपासा. आनि तिला खाली खाज सुटते, अंगावरनं पांढरं जातं, हे डॉक्टरनीला सांगा.

तिला वाचता येतं हे मला म्हाईत हाय. तरी हे पत्र तुमीच तिला वाचून दाखवा. मोठ्यानं वाचा. ती तुमच्याकडं बघनार नाय, तुमीबी बघू नका. पन गाळू नका.

चांगुणा

*

बौद्धवाडी, ता. महाड
१८ डिसेंबर १९९७

श्रीमती चांगुणाबाई व चि. सौ. शर्मिला यांस सप्रेम जयभीम. बाळीस अनेक आशीर्वाद.

पत्र मंगळवारी आले. मी दोन दिवस ते खिशात घेऊन हिंडलो. आज सकाळी वाचून दाखवले. गाळले काही नाही.

गोजरा चुलीकडे तोंड करून ऐकत होती. वाचून झाल्यावर मी विचारले, 'किती दिवस?' ती म्हणाली, 'त्या पोरीचं एवढं सगळं लिहिलंत, मी दाराआडून ऐकत होते. म्हटलं, आज विचारतील, उद्या विचारतील.' मग म्हणाली की, आठ वर्षे झाली.

चांगुणाबाई, मी निवृत्त होऊन आठ वर्षेच झाली. तेव्हापासून मी दिवसभर घरातच असतो.

उद्या पहिल्या एसटीने महाडला जात आहोत. डॉक्टरीणबाईंना सांगण्याचे मुद्दे मी कागदावर लिहून काढले होते. खाज, पांढरे जाणे, तहान, पायाची जखम. योनी हा शब्दही लिहिला होता. तो कागद गोजराने वाचला आणि परत दिला. म्हणाली, 'कागद देऊन तुम्ही बाहेर बाकावर बसाल. मला एकटीला लाज वाटते. तुम्ही आत चला आणि तोंडानं सांगा.'

तर मी आत जाणार आहे.

आपला,
आप्पा